बैलाच्या अंगातल्या तारा



आज आपण बैलाविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गुरुजी, बैल आम्हांला काय शिकवता? आमचा जन्म गोठ्यात गेला. खरे आहे. सिद्धेश्वराच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो. तिथे खिलार बैलाचे दात, खूर, खांदा तुम्ही जसे पारखता, तसे आम्हांला येणार नाही. पण ते सगळे बाहेरचे झाले. आम्ही आतले सांगणार आहोत. ते ठाऊक नसले तर एखाद्या वेळी माणसाचा जीव जातो, म्हणून सांगणार आहोत.

आधी एक गंमत बघा. बैल सावलीत उभा आहे. त्याच्या पाठीवर माशी बसली. शेपूट तिथवर पोचत नाही. तरी तिथली कातडी थरथर हलते आणि माशी उडते. बैलाने मान वळवून पाहिलेसुद्धा नाही. मग कातडीला कुणी सांगितले?

वाडा कसा बांधतात? विटेवर वीट ठेवून भिंत होते. भिंतींची खोली होते, खोल्यांचा वाडा होतो. शरीराचेही तसेच आहे. शरीराची वीट म्हणजे पेशी. ती इतकी बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. एका जातीच्या पेशी एकत्र आल्या की त्यांना ऊती म्हणतात. मांस ही एक ऊती. ऊतींचे अवयव होतात. काळीज, फुप्फुस, जठर हे अवयव. बैलाच्या जठराला चार कप्पे असतात, म्हणून तो आधी गिळतो आणि मग बसून रवंथ करतो. माणसाचे जठर एका कप्प्याचे. बाकी बैलाची आणि आपली मांडणी बरीच सारखी आहे.

आता वाड्यात माणसे पुष्कळ असली तर एकाचा निरोप दुसऱ्याला कळायला हवा. पूर्वी पोस्टातून तार यायची, तशा तारा शरीरात आहेत. त्यांना मज्जातंतू म्हणतात. आपण ज्याला नस म्हणतो ती पुष्कळदा रक्ताची नळी असते. मज्जातंतू निराळा. तो पांढरट दोऱ्यासारखा असतो आणि त्यातून रक्त नाही, निरोप जातो. या दोऱ्याची पेशीही न्यारी. तिला लांब शेपूट असते. बैलाच्या पायापासून पाठीच्या कण्यापर्यंत जाणारे एकेक शेपूट हातापेक्षा लांब भरते!

कण्याच्या मणक्यांतून एक जाड दोर जातो. तो मज्जारज्जू. त्याच्या वरच्या टोकाला, कवटीच्या आत, मेंदू. एवढ्या थोरल्या बैलाचा मेंदू वजनाने अर्ध्या किलोच्या आसपास असतो. माणसाचा सव्वा ते दीड किलो. (तरी काही माणसे बैलासारखी वागतात, ती गोष्ट वेगळी.)

माशी बसली की कातडीतल्या तारेने मज्जारज्जूला निरोप दिला. तिथूनच हुकूम परत फिरला आणि कातडीखालचे पातळ मांस हलले. मेंदूला विचारायला कुणी थांबले नाही. तव्याला बोट लागले की कळायच्या आधी हात मागे येतो, तोही असाच. काळजाचे ठोके, श्वास, रवंथ हीसुद्धा आपण सांगितली म्हणून चालत नाहीत. घास गिळायचे कामही अर्धे असेच. घास घशाशी पोचला की पुढचे मज्जातंतू बघून घेतात. आता हे गिळणे ध्यानात ठेवा.

१९७० साली आम्ही दहा वर्षांचे होतो. आमच्या बैलजोडीतल्या एका बैलाने खाणे सोडले. तोंडातून लाळेच्या तारा गळत होत्या. हंबरडा घोगरा झाला. पाणी समोर ठेवले तर तोंड लावी, पण घोट खाली जाईना. आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, म्हणाले, "कडब्याचं चिपाड अडकलंय घशात." त्यांनी बैलाचा जबडा फाकवला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. चिपाड काही सापडले नाही. त्यांच्या हाताला बाभळीच्या काट्याचे ओरखडे होते.

दुसऱ्या दिवशी गुरांचे डॉक्टर सायकलवरून आले. त्यांनी दुरूनच पाहिले आणि पहिला प्रश्न केला, "कुणी तोंडात हात घातला होता का?"

बैल पिसाळला होता. महिन्यापूर्वी एक भटके कुत्रे गोठ्यात शिरून त्याच्या नाकाला चावले होते. जखम लहान होती, भरून आली, सगळे विसरले.

पिसाळण्याचा विषाणू रक्तातून धावत नाही. तो चाव्याच्या जागी मज्जातंतूत शिरतो आणि त्याच वाटेने मेंदूकडे चालू लागतो. निरोप डोळ्याचे पाते लवायच्या आत जातो. हा मात्र सावकाश चालतो. आठवडे लागतात, कधी महिने. तोंडाला किंवा हाताला चावा असेल तर लवकर पोचतो. मेंदूत पोचला की तिथून पुन्हा मज्जातंतूंनीच लाळेत उतरतो. गिळण्याच्या तारा बंद पडतात, म्हणून लाळ गळते. आपल्याला वाटते, घशात काही अडकले. रोग असा अंगात दिसू लागला, की मग औषध नाही. जनावर आठ-दहा दिवसांत जाते. माणूसही वाचत नाही.

पण तो वाटेत असेपर्यंत त्याला अडवता येते. १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी कुत्रे चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली आणि तो मुलगा जगला. अण्णांना बेंबीभोवती चौदा सुया घ्याव्या लागल्या, रोज एक. ती लस मेंढीच्या मेंदूपासून करीत. फार दुखे. त्या धास्तीने पुष्कळ लोक दवाखान्याऐवजी मंत्र घालणाऱ्याकडे जात. ती लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात चार-पाच सुया, ठरल्या दिवशी. सरकारी दवाखान्यात मोफत. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेतच आणखी एक औषध टोचतात. तेही मागून घ्यावे.

दवाखान्यात निघण्याआधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची. पंधरा मिनिटे म्हणजे ज्वारीच्या चार-पाच भाकरी होतील एवढा वेळ. साबणाने हा विषाणू मरतो. जखमेवर तिखट, चुना, हळद काही चोपडू नका. एक सुई घेऊन घरी बसू नका. कुत्रे बैलाला किंवा म्हशीला चावले तर तिलाही सुया आहेत, गुरांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. पिसाळलेल्या म्हशीचे दूध कुणी पिऊ नये, धारही काढू नये.

आणि जनावराची लाळ गळते, गिळवत नाही, असे दिसले तर तोंडात हात घालू नका. खरेच काही अडकले असेल तर डॉक्टर काढतील.

आमचा बैल सहाव्या दिवशी गेला. त्याला खोल खड्ड्यात पुरले. अण्णांना काही झाले नाही. जोडीतला दुसरा बैल सहा महिने वेगळा बांधला होता. आई लांबूनच वैरण टाकी. तोही बचावला आणि पुढे चार वर्षे नव्या जोडीदाराबरोबर औताला चालला.