जॅकवरच्या गाडीखाली हात घालण्याआधी

(पॉडकास्टच्या या भागाचा लिहिलेला मजकूर. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलेत, बाकी बरंचसं जसंच्या तसं.)

आज कोड नाही, ॲप नाही, नवीन फोनही नाही. आज जॅक. हो, गाडीच्या डिकीत स्टेपनीशेजारी धूळ खात पडलेला असतो ना, तोच.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. रविवारची सकाळ, मोशीतली आमची सोसायटी, खाली उघडं पार्किंग, आणि आमची जुनी स्विफ्ट. पुढच्या डाव्या चाकाच्या वर आतून जे प्लास्टिकचं कव्हर असतं, त्याच्या क्लिपा तुटून ते टायरला घासत होतं. म्हटलं, चार क्लिपा तर बसवायच्यात, त्यासाठी गाडी कुठे घेऊन जायची? आणि मी मेकॅनिकलचा बीटेक आहे बरं का! नोकरी हिंजवडीत कोड लिहायची, पण डिग्री मेकॅनिकलची. आपल्याकडे असे पुष्कळ आहेत, तुम्ही ऐकणाऱ्यांतही असतील.

तर गाडीसोबत आलेला सिझर जॅक लावला, हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, चाक काढलं. आणि पाठीवर झोपून डोकं आणि एक खांदा सरळ त्या पोकळीत घातला. एवढ्यात बाबा चहा घेऊन खाली आले.

‘बाहेर ये आधी.’

‘दोन मिनिटं, बाबा.’

‘बाहेर ये म्हणतो ना!’

तो आवाज मी शाळा सुटल्यापासून ऐकला नव्हता. निघालो बाहेर. बाबांनी काढलेलं चाक पायाने ढकलत दाराच्या खालच्या कडेखाली आडवं सरकवलं आणि माझ्या हातात कप दिला. अर्धा चहा झाला नसेल, गाडी हळूच दहा-पंधरा सेंटिमीटर सरकली, जॅक आडवा पडला, आणि गाडी धप्पकन त्या आडव्या चाकावर बसली. अलॉयवर ओरखडा आला. बस, तेवढंच नुकसान.

बाबा काही बोलले नाहीत. वर गेले. मीच तिथे बसून राहिलो, कारण पाय उभं राहू देत नव्हते.

आता हे झालं कसं? मला वाटत होतं, गिअर टाकलाय म्हणजे गाडी हलणार नाही. पण स्विफ्टसारख्या गाडीत गिअर पुढच्या चाकांनाच धरतो, आणि तेही मध्ये डिफरन्शियल ठेवून. एक पुढचं चाक हवेत गेलं की जमिनीवरचं दुसरं एका बाजूला फिरू शकतं आणि हवेतला हब उलट्या बाजूला फिरतो. गिअर लागलेलाच राहतो, पण गाडी मोकळी! हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलंय. मार्कही चांगले पडले होते. राहिला हँडब्रेक. तो मागच्या चाकांना, आणि आमच्या गाडीत त्याची केबल सैल झालेली. त्यात पार्किंगला पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून दिलेला उतार, जो डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना पाचर लावली असती तर हे झालंच नसतं. लाकडाचा तिरका तुकडा चालतो, रबरी पाचर विकत मिळते. पुढचा भाग उचलणार असाल तर मागच्या चाकांना, मागचा उचलणार असाल तर पुढच्या चाकांना, आणि प्रत्येक चाकाला दोन्ही बाजूंनी. मागचं उचलताना हे जास्तच महत्त्वाचं, कारण हँडब्रेक ज्या चाकांना धरतो तीच तुम्ही हवेत नेताय.

बाबांबद्दल सांगायला हवं. ते भोसरी एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये एकतीस वर्षं होते. उजव्या हाताची एक करंगळी अर्धीच आहे. लहानपणी आम्हाला ते ‘उंदराने खाल्ली’ असं सांगायचे. खरी गोष्ट अशी की प्रेसची डाय बदलताना वरचा भाग उघडा ठेवून मध्ये एक ठोकळा लावायचा असतो, सेफ्टी ब्लॉक. प्रेस कितीही बंद असली तरी हात आत जाण्याआधी ठोकळा आत जायला हवा. त्या दिवशी घाई होती, लावला नव्हता. म्हणून गाडीखाली मला बघून त्यांनी आधी ठोकळा शोधला. समोर चाक होतं, ते लावलं.

आता बघा, आपण कुठे राहतो? टाटा मोटर्स पिंपरीत, महिंद्रा आणि फोक्सवॅगन चाकणला, आणि मधल्या पट्ट्यात त्यांना पार्ट पुरवणाऱ्या शेड. त्यातल्या कुठल्याही शेडमध्ये वर बघा, क्रेनच्या गर्डरवर मोठ्या अक्षरांत ‘एसडब्ल्यूएल ५ टन’ असं काहीतरी रंगवलेलं दिसेल. सुरक्षितपणे किती वजन उचलायचं, तो आकडा. फॅक्टरी ॲक्ट, १९४८, त्याच्या कलम २९ मध्ये हा नियम होता. क्रेन, साखळ्या, दोर यांवर हा आकडा स्पष्ट लिहिलेला हवा, त्यापेक्षा जास्त वजन टाकायचं नाही, आणि किमान बारा महिन्यांतून एकदा जाणकार माणसाकडून पूर्ण तपासणी. आठवडाभर या नियमात काम करणारा माणूस रविवारी घरी येतो आणि दोन विटांवर गाडी ठेवून खाली झोपतो. घरच्या पार्किंगमध्ये कोणी इन्स्पेक्टर येत नाही ना!

सर्व्हिस सेंटरमधली दोन खांबांची लिफ्ट वर जाताना ‘टक टक टक’ आवाज करते, ऐकलाय? ते लोखंडी लॉक एकेक खाच ओलांडत असतात. गाडी हव्या उंचीवर गेली की चांगला मेकॅनिक ती किंचित खाली घेऊन त्या लॉकवर टेकवतो आणि मगच खाली शिरतो. वजन तेलावर नाही, लोखंडावर. घरी आपल्याला हेच करायचंय. जॅकने उचलायचं आणि दुसऱ्या कशावर तरी ठेवायचं. ते दुसरं काहीतरी म्हणजे जॅक स्टँड. गॅरेजवाल्यांकडे घोडी मागितलीत तरी कळेल.

मग काय घ्यायचं? गाडीसोबतचा सिझर जॅक पंक्चरसाठी ठेवा. त्याचा पाया तळहाताएवढा असतो, रस्त्याच्या कडेला चाक बदलण्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा नको. बॉटल जॅक स्वस्त आणि ताकदवान, पण तो ट्रक-टेम्पोवाल्यांचा. पूर्ण मिटलेला असतानाच बरेचसे १५ ते २० सेंटिमीटर उंच असतात, हॅचबॅकचा टायर बसलेला असेल तर खाली जातच नाहीत, आणि वरचं डोकं इतकं छोटं की पत्र्यावरून निसटतं. घरासाठी ट्रॉली जॅक, २ टनी. मला साडेतीन हजारांना पडला, पिन-टाइप स्टँडची जोडी वेगळी. स्विफ्टचं वजन जेमतेम ९०० किलो, आणि आपण एका वेळी एक कोपरा नाहीतर एक बाजू उचलतो, म्हणजे २ टन भरपूर झालं. मोठी एसयूव्ही असेल तर ३ टनी घ्या. स्टँडच्या बॉक्सवरचा आकडा मात्र नीट वाचा. काही कंपन्या तो एका स्टँडचा देतात, काही जोडीचा.

जॅक आणि स्टँड दोन्हींचं बजेट नसेल तर आधी स्टँड घ्या. गाडीतला जॅक तसाही आहेच, हळूहळू उचलेल. लोक नेमकं उलटं करतात, भारीतला जॅक घेतात आणि खाली सिमेंटचा ब्लॉक लावतात. वीट किंवा ब्लॉक दाबाखाली आधी कुरकुरत नाही, एकदम फुटतो. जाड लाकूड निदान चरचरतं, तुम्हाला सांगतं तरी.

पिन-टाइप का? स्टँड दोन प्रकारचे. एकात दातेरी दांडा असतो आणि खिट्टी त्या दातात अडकते, झटपट उंची बदलता येते. दुसऱ्यात भोकं आणि आरपार जाणारी जाड पिन. २०२० मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या दुकानांच्या साखळीने आपले ३ टनी आणि ६ टनी दातेरी स्टँड परत मागवले होते, लाखोंच्या संख्येने. बनवायचे साचे झिजल्यामुळे खिट्टी दातात नीट बसत नव्हती आणि स्टँड अचानक खाली येऊ शकत होता. बदली म्हणून दिलेल्यांपैकी काही वेल्डिंगच्या दोषामुळे त्याच वर्षी पुन्हा परत. सगळे दातेरी वाईट असं नाही, पण पिन बसलीये की नाही ते मला डोळ्यांनी दिसतं. आरपार आली की आली. दातेरी असेलच तर गाडी ठेवल्यावर हँडल खाली दाबून खिट्टी पूर्ण आत आहे का बघा.

सेकंड हँड जॅकचा मोह मलाही झाला होता. तेल गळत असेल तर घेऊ नका. सील गेलेला जॅक गाडी उचलतो, मग तुम्ही पाना शोधेपर्यंत हळूहळू खाली बसतो. आणि घरच्या जॅकमध्ये तेल कमी झालं तर ब्रेक ऑइल ओतू नका, सील फुगून वाट लागते. जॅकचं हायड्रॉलिक तेल वेगळं मिळतं.

आता एक गोष्ट जी मला कुठल्याच व्हिडिओत दिसली नाही, कारण त्यांचं गॅरेज गुळगुळीत काँक्रीटचं असतं. ट्रॉली जॅकचा हात सरळ वर जात नाही, तो कमानीत फिरतो. त्यामुळे गाडी वर जाताना जॅकला थोडं आत सरकावं लागतं, म्हणून तर त्याला चाकं दिलीत. आपल्याकडे पार्किंगला पेव्हर ब्लॉक. ती बारीक लोखंडी चाकं फटीत अडकतात, जॅक जागचा हलत नाही, आणि मग वरची वाटी गाडीच्या कडेवरून ओढली जाते. उपाय साधा, खाली १८ मिलिमीटरचं प्लायवूड टाका. स्टँडच्या पायांखालीही प्लाय हवंच, नाहीतर पावसाळ्यात ब्लॉक खचतात आणि उन्हाळ्यात डांबर मऊ होतं.

जॅक लावायचा कुठे? दाराखाली पत्र्याची जी उभी कडा असते, तिच्यावर पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे खुणा असतात. मॅन्युअलमध्ये चित्र आहे, बघा एकदा. कडा दबू नये म्हणून जॅकच्या वाटीवर मधे खाच असलेलं रबर ठेवा. ऑइल संपखाली नाही, तळाच्या पातळ पत्र्याखाली नाही. आणि नेक्सॉन ईव्हीसारखी गाडी असेल तर तळाला बॅटरीची पेटी असते, तिला जॅक लागताच कामा नये.

बाकी क्रम तुम्हाला माहीत असेल. नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, पूर्ण आवळायचे ते गाडी खाली आल्यावर, समोरासमोरचे. गाडीत कोणी बसलेलं नको. स्टँडवर ठेवल्यावर बाजूने दोन्ही हातांनी गाडी चांगली हलवून बघायची. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे, आपण बाहेर आहोत. जॅक काढायचा नाही, कडेला टेकवून तसाच राहू द्यायचा. आणि काढलेलं चाक गाडीखाली. आम्ही सॉफ्टवेअरवाले बॅकअपचा बॅकअप ठेवतो ना, तसं. जवळ एक माणूस हवाच. फोन खिशात असून उपयोग नाही, हात दबला तर खिशापर्यंत पोचणार कोण?

आमच्या स्टँडवर बाबांनी पिवळ्या ऑइलपेंटने ‘एसडब्ल्यूएल २ टन’ लिहिलंय आणि खाली तपासणीचा महिना. दर जूनमध्ये पावसाआधी ते पिना काढून बघतात, गंज घासतात, महिना खोडून नवीन लिहितात. सोसायटीत जॅक मागायला लोक येतात. परवा तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा आला, ‘काका, फक्त जॅक द्या, पाच मिनिटांचं काम आहे.’ बाबांनी दोन्ही स्टँड आणि पाचरी त्याच्या हातात दिल्या, जॅक स्वतः उचलला आणि त्याच्याबरोबर खाली गेले. पाऊण तासाने वर आले, हात काळे करून, एकदम खुशीत.

चला, पुढच्या भागात हँडब्रेकची केबल घरी ताणता येते का ते बघू. तोपर्यंत तुमचे प्रश्न पाठवा. भेटू!