रंगवून पोट भरते काय?
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा सारांश)



माझ्या मागचा हा फलक आपल्याच वस्तीतील एका मुलीने रंगवला आहे. तो पाहून मी तिच्या वडिलांना म्हणालो, "हिला चित्रकलेच्या कॉलेजात घाला." ते म्हणाले, "दादा, रंगवून पोट भरते काय? नोकरी तं पाहिजे ना!" त्यांचे काही चुकले नाही. सरकारी नोकरीच्या आधारावरच आपल्या किती घरांवर स्लॅब पडला! म्हणून मी आज या प्रश्नाचेच उत्तर देणार आहे.

बंधूंनो, सरकारला चित्रकार लागतो तो पहिल्या दिवसापासून. सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंह राजमुद्रेसाठी दीनानाथ भार्गव या शांतिनिकेतनच्या तरुण विद्यार्थ्याने रेखाटले. बाबासाहेबांनी ज्या संविधानासाठी रक्त आटवले, त्याची इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी आणि हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी हाताने लिहिली. नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाने सजवली. २०१४ साली स्वच्छ भारतचा चष्मा काढला तो कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी. पण ती स्पर्धा होती. स्पर्धेत बक्षीस मिळते, दरमहा पगार मिळत नाही.

मी एका सरकारी कार्यालयात कलाकार म्हणून लागलो. सुरुवातीची काही वर्षे साहेबांच्या नावाच्या पाट्याच लिहिल्या. मन खट्टू व्हायचे. पुढे लसीकरणाचे पोस्टर करायला मिळाले. मी झोकात केले. नक्षीदार किनार, सुंदर बाळ, आणि तारीख खाली बारीक अक्षरात! गावात एक आजी नातवाला घेऊन आली ती दुसऱ्याच दिवशी. मला म्हणाली, "बापू, चित्र लय चांगलं हाये, पण तारीख मले तं दिसलीच नाही." त्या दिवशी मी खरा शिकलो. सरकारी कामात गिऱ्हाईक म्हणजे ती आजी, साहेब नव्हे. पुढच्या पोस्टरवर तारीख आधी लिहिली, बाळ नंतर काढले.

आता पालकांसाठी कामाचे बोलतो. मुलांना शाळेतच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांना बसवा. बारावीनंतर उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. आपल्या नागपुरातच शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, मुंबईला जे. जे. आहे. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. पण केंद्राच्या नोकरीला दाखला केंद्राच्याच नमुन्यात लागतो, ऐनवेळी धावपळ करू नका.

जागा कोठे निघतात? वैद्यकीय महाविद्यालये, माहिती खाते, शासकीय मुद्रणालय, संशोधन संस्था, नकाशे करणारी कार्यालये, शाळेतील चित्रकला शिक्षक. पण खोटी आशा दाखवणार नाही. जागा थोड्या आहेत, त्या रोज निघत नाहीत, आणि कित्येक कामे आता कंत्राटावर जातात. म्हणून संगणकावरचे काम, देवनागरी अक्षरवळण आणि छपाईचे ज्ञान तिन्ही शिका. सरकारी जागा मिळाली तर उत्तमच, नाही मिळाली तरी हात रिकामा राहणार नाही. हाताने पाट्या रंगवणारे कितीतरी पेंटर फ्लेक्स आल्यावर बसून गेले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या मुलीच्या वडिलांना माझे उत्तर असे: दादा, रंगवून पोट भरते, पण नुसते रंगवून नाही. शिकून रंगवावे लागते. बाबासाहेबांनी आधी 'शिका' सांगितले ते उगीच नाही. समितीला विनंती आहे की, दर रविवारी विहारात दोन तास चित्रकलेचा वर्ग सुरू करावा. शिकवायला मी येईन, फी घेणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!