माणगावचा नाईक यशवंत घाडगे



रायगड जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यातील पळसगाव हे लहानसे खेडे. दुसऱ्या महायुद्धात तेथील एक तरुण मराठा पलटणीत होता. सैन्यभरतीची सक्ती तेव्हा कोणावरही नव्हती. हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांच्या घरात गेली, ती स्वेच्छाभरतीने. नाईक यशवंत घाडगे हे त्यांपैकीच एक. हाताखाली एक रायफल सेक्शन, एवढाच त्यांचा अधिकार.

१० जुलै १९४४. इटलीतील टायबर नदीचे वरचे खोरे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक कंपनी शत्रूच्या ठाण्यावर चालून गेली. अगदी जवळून मशीनगन धडाडली आणि घाडग्यांच्या सेक्शनमधील प्रत्येक जवान ठार वा जखमी झाला. उरले ते एकटे. माघारीची वाट मोकळी असता ते पुढे धावले. हातबॉम्बने मशीनगन व ती चालविणारा निकामी केला, दुसऱ्याला टॉमीगनने टिपले. गोळ्या संपल्या. मॅगझिन बदलण्यास उसंत नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना त्यांनी लोळविले. ठाणे हाती आले, आणि त्याच ठाण्यात, छातीत व पाठीत गोळ्या लागून, या वीराने देह ठेवला. वय अवघे बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

हे शौर्य इंग्रजांच्या कामी आले, असा आक्षेप घेतला जातो. तो वरवरचा आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी त्याच काळात हिंदू तरुणांना सैन्यात शिरण्याचे आवाहन केले होते. शस्त्रविद्या हाती आली की ती राष्ट्राचीच होते, हा त्यामागचा विचार. नेताजींची आझाद हिंद सेनाही बहुतांशी याच सैन्यातून गेलेल्या जवानांतून उभी राहिली. दोन्ही वाटांवर प्राण देणारे आपलेच होते. घाडग्यांची तिसरी बटालियन १९५२ साली पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली, आणि ११ डिसेंबर १९७१ रोजी तीच टांगाईलच्या आकाशातून उतरली. ढाक्याचा मार्ग मोकळा करणाऱ्यांत मराठा पलटणीचा हा वारसा होता.

माणगावी घाडग्यांचा पुतळा आहे. इटलीतील मोंतोने गावानेही जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. परक्या गावाने ८० वर्षांपूर्वीच्या एका नाईकाचे ऋण मानावे, ही गोष्ट लहान नव्हे. त्यांची समाधी मात्र कोठेही नाही. कसिनोच्या युद्धस्मारकावर, हजारो नावांच्या रांगेत, त्यांचे नाव कोरलेले आहे.