नळावरची कोजागिरी



दसरा झाला. कोजागिरी आता चार दिवसांवर आली. दूध किती लिटर घ्यायचं, गच्ची कुणाची, साखर कुणाकडून, ही बोलणी तुमच्याही गल्लीत सुरू झाली असतील. आज आम्ही तुम्हाला आमच्या वस्तीतली गेल्या वर्षीची कोजागिरी सांगणार आहोत. आम्ही ठरवलं होतं एक आणि झालं भलतंच. पण जे झालं, त्यातून आम्हाला आमचीच एक गोष्ट कळली.

आम्ही मुकुंदवाडीच्या बाजूच्या एका वस्तीतल्या बचत गटांच्या बाया. आमच्यातल्या कुणी चिकलठाण्याच्या कंपन्यांत पॅकिंगला जातात, कुणी धुणीभांडी करतात, कुणी घरी शिवण करतात. महिन्याला बैठक होते. हप्ते गोळा होतात, कर्जाचे अर्ज वाचले जातात, इतिवृत्तावर सह्या होतात. बैठकीच्या शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ असतात. तिथं एरवी कुणी काही बोलत नाही, कारण सगळ्यांना स्वयंपाकाची घाई असते.

त्या दिवशी मात्र एका ताईंची कॉलेजात जाणारी मुलगी उठली. ती म्हणाली, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को नावाचं शहर आहे. तिथं २००४ सालापासून वर्षातून एकदा, एकाच संध्याकाळी, एका भागातल्या खूप ठिकाणी लेखक-कवी वाचन करतात. पुस्तकाच्या दुकानात करतात, चहा-कॉफीच्या हॉटेलात करतात, केस कापायच्या दुकानात आणि कपडे धुण्याच्या दुकानातसुद्धा करतात. एका ठिकाणचं वाचन तासाभरात संपतं. मग लोक चालत पुढच्या ठिकाणी जातात. असे तीन टप्पे होतात. आपण आपल्या गल्लीत असं का करू नये?

आधी सगळ्या हसल्या. मग गिरणीवाल्या मावशी म्हणाल्या, “केस कापायचं दुकान नको, पण माझी गिरणी रात्री रिकामीच असते.” तिथून सुरुवात झाली.

आता कुणी म्हणेल, हे परदेशातलं खूळ आपल्याकडं कशाला? मैत्रिणींनो, रात्री जमून शब्द ऐकणं या मातीला नवीन नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांची भारुडं रात्रीच रंगतात. वली दखनी आणि सिराज औरंगाबादी हे शायर याच शहराचे. मुशायऱ्याची रात्र इथं पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. आंबेडकरी जलसे वस्त्या-वस्त्यांत रात्रभर चालायचे. बाबासाहेबांनी १९५० साली इथं मिलिंद महाविद्यालय सुरू केलं आणि त्या परिसरातून लिहिणाऱ्यांची एक अख्खी पिढी उभी राहिली. १९५७ साली अनंत काणेकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरलं होतं.

पुस्तक वस्तीत नेण्याचं कामही इथं झालेलं आहे. २०२१ च्या सुरुवातीला बायजीपुऱ्यात मरियम मिर्झा या शाळकरी मुलीनं मोहल्ल्यातल्या मुलांसाठी वाचनालय सुरू केलं. पुढं रीड अँड लीड फाउंडेशननं अशी वाचनालयं शहरातल्या कितीतरी मोहल्ल्यांत उघडली. साताऱ्याकडचं भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं. तिथं लोकांच्या घरांत, देवळांत, शाळेत पुस्तकं मांडलेली आहेत. कुणीही यावं आणि बसून वाचावं. आपल्या वेरूळचीही नंतर पुस्तकांचं गाव म्हणून निवड झाली. म्हणजे जागा मोठी लागत नाही, हे आम्हाला दिसत होतं.

आम्ही चार जागा ठरवल्या: गिरणी, खालांचं किराणा दुकान, शिवण केंद्र आणि अंगणवाडीची खोली. रात्री आठला सुरुवात, प्रत्येक ठिकाणी पंचवीस मिनिटं, आणि शेवटी अंगणवाडीसमोर मसाला दूध. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सगळ्यांनी मिळून चालायचं. पुढं दोघी आणि मागं दोघी बॅटरी घेऊन. कुणालाही तिच्या दारापर्यंत पोचवल्याशिवाय परतायचं नाही.

पुस्तकंही जागा पाहून निवडली. किराणा दुकानात बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. बेबीताईंचं फलटणला दुकान होतं. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या, गिऱ्हाईक नसताना वहीत लिहायच्या आणि घरच्यांना दिसू नये म्हणून त्या वह्या लपवून ठेवायच्या. शिवण केंद्रात ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’. आयदान म्हणजे बांबूची टोपली-सूप. त्यांची आई ती विणून घर चालवायची. हातानं काम करणाऱ्या बाईचं पुस्तक शिवणयंत्रांमध्ये बसून वाचायचं होतं. आणि अंगणवाडीत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, म्हणजे शेवट हसत व्हावा.

एक चूक मात्र आमच्याकडून झाली, ती सांगितली पाहिजे. वाचायला आम्ही दहावी झालेल्याच मुली-बाया निवडल्या. तयारीच्या बैठकीत एक आजी मागून म्हणाल्या, “म्हणजे आम्ही अंगठेवाल्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या का?” आम्हाला फार लाज वाटली. कारण बहिणाबाई चौधरींना तरी कुठं लिहिता येत होतं? त्या बोलल्या, मुलानं आणि नातेवाइकांनी लिहून घेतलं, आणि त्या गेल्यानंतर १९५२ साली त्याचं पुस्तक झालं. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला बसले, तर एक लाखाहून जास्त ओव्या मिळाल्या. त्या सगळ्या अशाच आज्यांच्या तोंडच्या. मग गिरणीची जागा आज्यांना दिली. खालांनी सांगितलं की त्यांच्यातही दळताना म्हणायची गाणी होती, त्यांना चक्कीनामा म्हणतात. जुन्या सुफींनी बायकांच्या तोंडी बसावेत म्हणून दखनीत ते रचले. एकाच दगडाभोवती दोन बोल्यांतली गाणी.

कोजागिरी आली. चाळीसेक बाया जमल्या. गिरणीत आज्यांनी ओव्या म्हटल्या, खालांनी त्यांच्या अम्मीकडून ऐकलेलं थोडं म्हटलं. किराणा दुकानात ‘जिणं आमुचं’मधली चार पानं वाचून झाली. आम्ही शिवण केंद्राकडं निघालो. तिथं एक कॉलेजची मुलगी ‘आयदान’ घेऊन बसली होती. तिनं पहिलं पान वाचायला घेतलं आणि बाहेरून आरोळी आली, “नळ आला!”

या शहरात राहणाऱ्या बाईला पुढचं सांगायला नको. पैठणला नाथसागर काठोकाठ भरलेला असला तरी आमच्या नळाला पाणी कधी आठव्या दिवशी येतं, कधी दहाव्या. ते दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होतं. ते कोजागिरीच्या रात्री पावणेनऊला आलं. दोन मिनिटांत शिवण केंद्र रिकामं झालं. हंडे, बादल्या, पाइप, मोटारीची वायर, सगळ्यांची पळापळ. ती मुलगी पुस्तक मांडीवर घेऊन एकटीच बसून राहिली.

आम्ही पाणी भरता भरता एकमेकींकडं बघत होतो. सगळी तयारी वाया गेली, असंच वाटत होतं. दूध आटवून ठेवलं होतं, ते प्यायलाही कुणी येणार नव्हतं. तेवढ्यात त्याच आजी, अंगठेवाल्या, ओरडून म्हणाल्या, “अगं, त्या पोरीला इकडंच बोलवा की! हात गुंतलेत, कान मोकळेच आहेत.”

मुलगी आली. एक बादली पालथी घालून तिच्यावर बसली. दुसरीनं मोबाइलची बॅटरी धरली. मोटारींच्या आवाजात आधी काही ऐकू येईना, तेव्हा आळीपाळीनं दोन-दोन मोटारी बंद ठेवायचं ठरलं. एरवी मोटारीवरून आमच्यात भांडणं होतात. त्या रात्री बंद करायला कुणी कुरकुर केली नाही. ‘आयदान’ झालं, ‘स्मृतिचित्रे’ झालं. टिळकांच्या विसराळूपणाच्या आणि लहरीपणाच्या गोष्टींवर ओट्यावर बसलेले पुरुषही हसले. दूध नळावरच वाटलं. साडेअकराला पाणी गेलं, तेव्हा आमचं वाचन संपलं.

ठरवल्यापेक्षा बाया जास्त झाल्या होत्या. वाचनाला चाळीस आल्या होत्या, नळावर तर अख्खी गल्ली होती.

त्या गर्दीत एक वहिनी होत्या. त्यांनी नाव नोंदवलं होतं, पण त्यांच्या घरून परवानगी मिळाली नव्हती. रात्रीचं बायकांनी कुठं फिरायचं, वाचून काय मिळणार, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. वाचनाला त्या आल्या नाहीत. नळावर आल्या, कारण पाणी भरायला त्यांनाच यावं लागतं. सातवीनंतर त्यांची शाळा सुटलेली. दोन हंडे भरून झाले तरी तिसऱ्याचं निमित्त करून त्या उभ्या राहिल्या. पुढच्या बैठकीत त्यांनी हळूच विचारलं, “त्या लक्ष्मीबाईंचं पुढं काय झालं?” आम्ही त्यांना पुस्तक दिलं. त्यांनी ते पासबुकाच्या पिशवीत घालून नेलं.

त्या बैठकीत आम्ही बराच वेळ या गोष्टीवर बोललो. पाण्यासाठी आम्ही रात्री अकराला, एकला, पहाटे चारलाही गल्लीत उभ्या असतो. कुणी म्हणत नाही की रात्रीचं बाहेर जाऊ नको, अंधार आहे, लोक काय म्हणतील. उलट नाही गेलो तर बोलणी खावी लागतात. म्हणजे अडचण रात्रीची नाही, अंधाराचीही नाही. घराच्या कामासाठी बाहेर पडलं तर रात्र चालते. स्वतःच्या मनासाठी पडलं की तीच रात्र वाईट होते.

हे आजचं नाही. आपल्याच जिल्ह्यात, देवगाव रंगारीला १६२८ साली जन्मलेल्या संत बहिणाबाई. तुकोबांना गुरू मानणाऱ्या. त्यांची समाधी वैजापूर तालुक्यात शिऊरला आहे. कीर्तन ऐकण्याच्या ओढीपायी नवऱ्याचा मार खावा लागला, हे त्यांनी स्वतःच्या अभंगांत सांगून ठेवलं आहे. मार खाल्ला पण ऐकणं सोडलं नाही, रचणंही सोडलं नाही. तेव्हा मैत्रिणींनो, तुम्हाला कुणी विचारलं की बायकांना हे नवीन वेड कुठून लागलं, तर सांगा, शिऊरहून.

आम्ही त्या वहिनींच्या घरी समजूत घालायला गेलो होतो, हेही सांगतो. फारसा उपयोग झाला नाही. आमच्या घरात लक्ष घालू नका, असं ऐकून परत आलो. वहिनी म्हणाल्या, “तुम्ही येऊन भांडू नका. तुम्ही नळावर वाचत राहा.”

म्हणून आम्ही तसं करतो आहोत. वर्षभर, पाण्याच्या दिवशी, जमेल तेव्हा एक बाई किंवा मुलगी दहा-पंधरा मिनिटं वाचते. दर वेळी जमतं असं नाही. पावसात जमत नाही. पाणी रात्री दोनला बारीक धारेनं आलं तर कुणाला काही ऐकायचं नसतं, सगळ्यांना झोप हवी असते. परीक्षेच्या दिवसांत मुली मिळत नाहीत. तरीही तीन पुस्तकं पूर्ण झाली. दोन बाया, ज्या आधी इतिवृत्त दुसरीला वाचायला लावायच्या, त्या आता स्वतः वाचतात.

तुम्हाला तुमच्या गल्लीत करायचं असेल, तर आमचा अनुभव सांगतो. सभागृह, मंडप, माइक यांच्या मागं लागू नका. आमचा सगळा खर्च दूध, साखर आणि बॅटरीचे सेल एवढाच झाला. पुस्तक सार्वजनिक वाचनालयातून आणा, एकीच्या नावावर वर्गणी भरा. वाचायचा भाग आधी दोनदा मोठ्यानं वाचून पाहा, अडणारे शब्द विचारून ठेवा. एका वेळी चार-पाच पानांपेक्षा जास्त नको. वाचता न येणाऱ्या बाईला सांगायला वेळ ठेवा, आणि तो वेळ सुरुवातीला ठेवा, शेवटी नाही. कारण शेवटी सगळ्या उठतात. आणि जिला घरून येऊ देत नाहीत, ती रोज कुठं भेटते ते बघा. नळावर, रेशनच्या रांगेत, शाळेच्या फाटकापाशी. वाचन तिथं न्या.

कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी फिरते आणि ‘को जागर्ति’, कोण जागं आहे, असं विचारते, असं आपण लहानपणापासून ऐकतो. आमच्या वस्तीत तिला शोधत फिरावं लागणार नाही. पाण्याचा दिवस असला की आम्ही सगळ्या जाग्याच असतो.

यंदा कोजागिरीला पाणी येईल की नाही, माहीत नाही. आलं तर नळावर वाचू, नाही आलं तर गिरणीत बसू. त्या वहिनींना या वर्षी आम्ही ‘स्मृतिचित्रे’चं एक प्रकरण वाचायला सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, “पाणी आलं तर वाचीन.” आम्ही वाट बघतो आहोत.