बंब येईपर्यंतची पंधरा मिनिटे

(अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त सेलू येथील कार्यकर्ता मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ ही बोट उभी होती. तिच्यात हजाराहून अधिक टन स्फोटके होती आणि त्याच बोटीत कराचीहून भरलेल्या कापसाच्या हजारो गाठीही होत्या. दुपारी कापूस धुमसू लागला. चार वाजून गेल्यावर स्फोट झाला आणि आग विझवीत असलेले ६६ जवान हुतात्मा झाले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळला जातो. ज्या गावाचा संसार जिनिंग-प्रेसिंगवर आणि रुईच्या गाठींवर चालतो, त्या सेलूला तरी हा इतिहास परका वाटू नये.

कापसाची आग फसवी असते. सरकीबरोबर आलेला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रावर घासतो, ठिणगी उडते आणि रुईच्या पोटात जाऊन बसते. गाठीवर वरून कितीही पाणी मारा, आतला विस्तव तसाच राहतो. गाठ बाहेर ओढून, पट्ट्या तोडून, उकलून भिजवावी लागते. हे काम एकट्या बंबाचे नव्हे, त्याला माहीतगार हात लागतात. आणि खेड्यात कडब्याच्या गंजीला आग लागली, तर बंब पोहोचेपर्यंत बहुधा राखच उरते. अग्निशमन हे राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टानुसार नगरपालिकांकडे सोपविता येणारे काम आहे, ते त्यांनी करावेच. प्रश्न बंब येण्याआधीच्या पंधरा मिनिटांचा आहे.

जर्मनीत दहा लाखांच्या आसपास नागरिक स्वेच्छेने अग्निशमन दलात काम करतात. दिवसा सुतारकाम, शिक्षकी, शेती, आणि भोंगा वाजला की गणवेश. चिली या देशाचे तर सारे अग्निशमन स्वयंसेवकांच्याच खांद्यावर आहे. तेथेही आज नवे तरुण मिळत नाहीत, मिळालेले टिकत नाहीत, म्हणून विपणनशास्त्राचा आधार घेतला जात आहे. ‘मार्केटिंग’ म्हटले की आपल्या कपाळावर आठी उमटते. सेवेची का जाहिरात करायची असते? परंतु त्या शास्त्राचा गाभा एवढाच की, आपल्याला काय हवे हे सांगण्याआधी समोरच्याची अडचण समजून घ्यावी. आपण यालाच संपर्क म्हणत आलो.

फलक लावल्याने गर्दी जमते, पथक उभे राहत नाही. शिवाय आपण ज्यांच्यासाठी फलक लावतो, तो महाविद्यालयीन तरुण दोन वर्षांत पुण्याला किंवा संभाजीनगरला जाणार. तो यावा, शिकावा, जेथे जाईल तेथे उपयोगी पडावा. मात्र पथकाचा कणा गावातच राहणाऱ्यांचा हवा. वायरमन, पाण्याच्या टँकरचा मालक, ट्रॅक्टरचालक, मोंढ्यातील हमाल, आडत दुकानदार, बचत गटातील भगिनी यांच्या घरी जावे. वायरमनला ‘देशसेवा करा’ असे मोघम सांगू नये. वीजपुरवठा खंडित झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारू न देणे ही जबाबदारी तुमची, असे सांगावे. नेमके काम मिळाले की माणूस स्वतःहून पुढे येतो. गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, वास येताच बटणाला हात लावायचा नाही, दारे-खिडक्या उघडायच्या, हे शिकवायला भगिनींहून योग्य कोण?

मिळवणे त्या मानाने सोपे, टिकवणे अवघड. १९७९ साली मोरवीचे धरण फुटले, १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला, स्वयंसेवक धावले. धावून जाणे आपल्या रक्तात आहे. अग्निशमन पथकाचे काम मात्र बहुतांशी वाट पाहण्याचे असते. सहा महिने काहीच घडत नाही आणि उत्साह ओसरतो. म्हणून ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी सराव हवाच. पाच जण आले तरी व्हावा. सरावात नवेपणा असावा. एकदा गोदामात, एकदा शाळेत, एकदा शेतात. पथकाच्या घरच्यांना वर्षातून एकदा तरी बोलवावे. रात्री दोनला दार वाजते तेव्हा त्याची झोप मोडते, तशी तिचीही मोडते.

आणखी एक गोष्ट जरा कठोरपणे सांगतो. निष्ठा हे शिरस्त्राण नव्हे. साधने नसताना तरुणाला धुराने भरलेल्या खोलीत पाठविणे हे शौर्य नव्हे, तो संघटकाचा अपराध आहे. ज्वाळेपेक्षा धूर अधिक बळी घेतो. आत शिरण्याचे काम श्वसनयंत्र असलेल्या प्रशिक्षित जवानांचे. आपले काम लोकांना बाहेर काढणे, रस्ता मोकळा करणे, पाण्याची सोय लावणे, भाजलेल्या अंगावर वीस मिनिटे साधे पाणी धरणे. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण, साहित्यसंच आणि विमा अशी रचना करण्यात आली. विम्याचा तो भाग आपल्या पथकानेही पहिल्याच बैठकीत मार्गी लावावा. देणगीतून पहिला खर्च त्याचाच व्हावा, गणवेशाचा नंतर.

प्रारंभ म्हणून येत्या पंधरवड्यात प्रत्येक गटाने आपल्या वस्तीचा नकाशा हाती काढावा. विहिरी, बोअर, टँकर, रोहित्रे, कापसाची गोदामे, बंब वळू न शकणाऱ्या गल्ल्या, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांची घरे त्यात असावीत. नकाशाची एक प्रत नगरपालिकेच्या अग्निशमन विभागात द्यावी आणि तेथील जवानांनाच पहिल्या सरावाचे शिक्षक म्हणून आदराने निमंत्रण द्यावे.