संथ पाण्यावरचा संसार

कालवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नीरेचा नाहीतर खडकवासल्याचा कालवा उभा राहतो. ऊस, पाटकरी, पाण्याची पाळी आणि त्या पाळीवरून होणारी भांडणे! आपल्या कालव्यातून शेताला पाणी जाते, माणूस जात नाही. पण आज मी तुम्हांला अशा कालव्यांवर नेणार आहे, की ज्यांच्यावर माणसे संसार करीत होती.

इंग्लंडात 1761 साली ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या खाणीतला कोळसा मँचेस्टरकडे नेण्यासाठी कालवा खोदविला. पुढे साठ-सत्तर वर्षांत देशभर अशा जलमार्गांचे जाळे पसरले. हिशेब सरळ होता. गाडीरस्त्यावर घोड्याला एकदोन टन ओढतानाही घाम फुटे. तोच घोडा काठाने चालत पाण्यावरची पंचवीस टनांची नाव आरामात ओढी. मग आगगाडी आली. भाडी उतरली, नावाड्याची मिळकत घटली. त्याने काय केले? काठावरचे घर सोडले आणि बायकामुलांना नावेवर आणले. म्हणजे घरभाडे वाचले आणि बिनपगारी मदतनीसही मिळाले. नाव सत्तर फूट लांब, पण रुंदी अवघी सात फूट. त्यातली दहा फुटांची खोली संसाराला, बाकी सगळी जागा मालाला. त्या एवढ्याशा खोलीत शेगडी, बिछाना, पाळणा. आणि दारावर हौसेने रंगविलेले गुलाब आणि किल्ले.

या कालव्यांवरून 27 जुलै 1939 रोजी एक नवविवाहित जोडपे निघाले. टॉम रोल्ट आणि अँजेला. रोल्ट शिकलेला इंजिनियर, वय एकोणतीस. अँजेलाच्या वडिलांचा लग्नाला विरोध होता. लग्न होऊन पुरे तीन आठवडेही झाले नव्हते. ‘क्रेसी’ नावाची एक जुनी लाकडी मालवाहू नाव रोल्टने बॅन्बरी गावच्या धक्क्यावर राहण्याजोगी करून घेतली होती. तिच्यात पुस्तकांची कपाटे होती आणि, कौतुक बघा, आंघोळीचे टबसुद्धा होते! हेच त्यांचे घर आणि हीच त्यांची मधुचंद्राची गाडी.

वेग किती? ताशी तीन मैल. काठाने चालणारा माणूस ‘राम राम’ करून बरोबर गप्पा मारीत येईल, एवढा. शिवाय मध्येमध्ये ‘लॉक’ येतात. लॉक म्हणजे पाण्याची पायरीच म्हणा ना. दोन दारांच्या मधल्या हौदात नाव घ्यायची, मागचे दार लावायचे, झडपा उघडून हौद भरू द्यायचा. पाणी चढते तशी नाव चढते, मग पुढचे दार उघडायचे. फॉक्सटन येथे अशा दहा पायऱ्या एकामागून एक असून नाव पंचाहत्तर फूट वर चढते. एकाने सुकाणू धरायचे, दुसऱ्याने हातात झडपांची किल्ली घेऊन पुढे पळायचे. दोघांचा सूर जुळल्याशिवाय ही वाट चालतच नाही.

वाटेत शार्डलोसारखी गावे लागली. हे समुद्रापासून दूर असलेले, पण कालव्यावरचे बंदर. काठावर विटांची उंच गोदामे, पुलाशेजारी दारूचा गुत्ता, तिथे जमणारे नावाडी. आगगाडीच्या खिडकीतून अशी गावे दिसत नाहीत. कारण ती आपले तोंड पाण्याकडे आणि पाठ रुळांकडे करून बसलेली असतात.

प्रवास सुरू होऊन सहा आठवडे व्हायच्या आत, 3 सप्टेंबरला, युद्ध जाहीर झाले. रोल्टला युद्धकामात जावे लागले. घर मात्र नावेवरच राहिले. प्रवासाच्या हकीकतीचे पुस्तक ‘नॅरो बोट’ या नावाने निघाले ते 1944 च्या अखेरीस. बाँबहल्ल्यांनी थकलेल्या लोकांनी ते हातोहात उचलले. रॉबर्ट आइकमन नावाच्या वाचकाने लेखकाला पत्र लिहिले. 1945 साली टार्डबिग येथे ‘क्रेसी’वर दोघांची भेट झाली, आणि 1946 साली कालवे वाचविणारी संस्था निघाली.

ही मंडळी नुसती अर्ज करीत बसली नाहीत. बर्मिंगहॅमजवळ लिफर्ड लेन येथे कालव्यावरचा एक पूल इतका खाली बसविला होता, की नाव जाणे अशक्य. पण कायद्याने तो जलमार्ग खुला होता! 1947 साली रोल्टने रीतसर सूचना दिली आणि ‘क्रेसी’ घेऊन हजर झाला. नियम तो नियम. रेल्वेच्या माणसांना जॅक लावून पूल उचलावा लागला, आणि गाळात तळ घाशीत नाव पलीकडे गेली.

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. पुढची सांगितली नाही तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. रोल्ट म्हणे, ज्यांचे पोट कालव्यावर आहे त्यांना आधी सांभाळा; आइकमन म्हणे, कालव्याचा एक मैलही सोडायचा नाही. 1951 साली रोल्टला संस्थेबाहेर काढण्यात आले. त्याच वर्षी अँजेलाने नाव सोडली आणि ती एका सर्कशीत गेली. त्याच वर्षी ‘क्रेसी’ही कुजून मोडीत निघाली. 1962-63 च्या हिवाळ्यात कालवे महिनोन्‌महिने गोठून राहिले. त्यानंतर सरकारी मालवाहतूक बहुतेक बंदच पडली, आणि रोल्टला जो नावाड्यांचा संसार वाचवायचा होता तो संपला.

कालवे मात्र वाचले. 1968 च्या कायद्याने कितीतरी कालवे केवळ सहलीसाठी राखण्याची सोय केली. आज त्या देशात सुमारे 2,000 मैलांचे जलमार्ग एका विश्वस्त संस्थेच्या देखरेखीखाली असून त्यांवर 30,000 हून अधिक नावा आहेत. दारांवर गुलाब आणि किल्ले अजून रंगवितात. खोलीत पाळणा मात्र क्वचितच.

मग रोल्ट जिंकला की हरला? मला वाटते, जे जायचे होते ते त्याला थोपवता आले नाही. पण ते जात असताना त्याच्याशेजारून ताशी तीन मैलांनी जाणारी दोन माणसे होती. त्यांनी ते नीट पाहिले, प्रेमाने पाहिले, आणि पाहिलेले लिहून ठेवले. घाईने जाणाऱ्याला काय बुडाले हेही कळत नाही. त्या दोघांना ते कळले, म्हणून निदान पाणी तरी उरले. आपल्या गावच्या खाडीवरून, नदीवरून, पुलावरच्या गाडीत बसून आपण रोज जातो. एखादे दिवशी खाली उतरून काठाने चालून पाहा.