हायवेची झाडं मोजायची तर मे महिन्यात मोजा

रत्नागिरीहून बोलतोय. आजचा विषय आपला मुंबई-गोवा हायवे, म्हणजे पूर्वीचा १७, आताचा ६६. काम किती रखडलं यावर आपण सगळेच बोलतो. आज मला रस्त्याच्या कडेबद्दल बोलायचंय.

चौपदरीकरणात वड, आंबा, जांभूळ अशी कितीतरी जुनी झाडं गेली. एप्रिलच्या दुपारी हातखंब्याला गाडीची वाट बघत उभे राहा, काय गेलं ते कळेल. बरं, पैशांची सोय नाही असंही नाही. केंद्राच्या २०१५च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्पखर्चाचा १ टक्का झाडं लावायला आणि सांभाळायला धरलाय. गावकरी, शेतकरी, संस्था यांना सोबत घ्या, असंही त्यात आहे.

मग अडतं कुठे? मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे कोड लाइव्ह गेला की पुढे तो सांभाळायचं खरं काम सुरू होतं. झाडाचंही तसंच. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यामुळे जुलैत सगळंच हिरवं दिसतं. पण दिवाळीनंतर जूनपर्यंत जवळपास कोरडं. खाली जांभा, वर वीतभर माती. त्यात मोकाट गुरं आणि सुक्या गवताला लागणारा वणवा. रोप मरतं ते मार्चमध्ये, आणि तेव्हा फोटो काढायला कुणी येत नाही.

मार्चमध्ये तिथे कोण असतं? शेजारची वाडी. म्हणून मला वाटतं, प्रत्येक वाडीला तिच्या हद्दीतला पट्टा तीन वर्षं सांभाळायला द्यावा. फुकट नाही हां. सरकारचं काम गावाने फुकट का करायचं, हा प्रश्न बरोबरच आहे. पैसे द्यायचे, पण जुलैत खणलेल्या खड्ड्यांचे नाही, मे महिन्यात जिवंत असलेल्या रोपांचे.

झाडंही वाडीने सुचवावीत. करंज, सातवीण, ओवळी, जागा असेल तिथे वड. देवराईत काय टिकतं हे जुन्या माणसांना माहीत असतं. मोठी झाडं रस्त्यापासून लांब, जवळ झुडपं, आणि वळणावर समोरचं दिसलं पाहिजे.

एक मात्र लक्षात घ्या. परशुराम घाटात २०२२च्या पावसाळ्यात दरडींमुळे वाहतूक बंद ठेवावी लागली. असा उभा कापलेला डोंगर नुसत्या झाडांनी थांबत नाही. आधी पाण्याचा निचरा, टप्प्याटप्प्याची कटिंग, मग गवत आणि झुडपं.

तर १ मेच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या हद्दीत किती रोपं लावली, आज किती जिवंत आहेत आणि पाणी कोण घालतंय? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. पावसाळ्याला तेव्हा महिनाभर असतो, खड्डे घ्यायला तेवढा पुरतो.

भेटू पुढच्या भागात.